अपुऱ्या संचांचा हिशेब

डिस्नेच्या ‘डकटेल्स’चे एकूण भाग १००. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हे भाग हिंदीतून बघितलेली पिढी आता चाळिशीत आहे आणि नाण्यांच्या ढिगात सूर मारणारा अंकल स्क्रूज तिच्या चांगला लक्षात आहे. अमेरिकेत या मालिकेच्या डीव्हीडी २००५ पासून निघू लागल्या. २००७ पर्यंत तीन खंड आले, त्यांत ७५ भाग झाले आणि पुढे सगळं थंडावलं. उरलेले २५ भाग आले थेट २०१८ मध्ये. तेही दुकानांत नाहीत, तर डिस्नेच्या अमेरिकेतल्या सभासदांना घरपोच माल पाठवणाऱ्या क्लबातून. ज्याने पहिले तीन खंड हौसेने घेतले, त्याच्या फडताळात चौथ्याची जागा अकरा वर्षं रिकामी राहिली.

संग्राहकांच्या जगात ही गोष्ट सुखान्त मानली जाते. उशिरा का होईना, संच पूर्ण तरी झाला!

जुन्या बालमालिका डिस्कवर जमवणाऱ्या मंडळींचं बोलणं कौतुकाने सुरू होतं आणि हटकून तक्रारींवर येतं. अमक्या भागातलं गाणं कापलंय, तमक्याचं चित्र वरून-खालून छाटलंय, आवाज चिरका झालाय, तिसऱ्या सीझननंतर कंपनीने हात वर केलेत. बाहेरच्या माणसाला हा पोरकटपणा वाटतो. चार कार्टूनांसाठी एवढा त्रागा कशाला, असं तो विचारतो. पण या तक्रारी शेजारी शेजारी मांडल्या की टीव्हीच्या धंद्याने लहान मुलांसाठी झालेल्या कामाची किंमत काय लावली, ते उघड होतं. तक्रारींची मुळं तीन आहेत: काळ, कायदा आणि कंजुषी. पहिल्या दोघांपुढे प्रकाशकाचं फारसं चालत नाही. तिसरीबद्दल मात्र जाब विचारता येतो. अडचण अशी, की घेणाऱ्याच्या हाती पडलेल्या डिस्कवर तिन्हींचा परिणाम सारखाच दिसतो, आणि कुठला दोष कुणाच्या खात्यावर टाकायचा हे वेष्टनावरून कळत नाही.

पुसलेल्या टेपा

काळाच्या खात्यावरचं सर्वांत मोठं नाव ‘डॉक्टर हू’. बीबीसीची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली ती शनिवारी संध्याकाळी मुलांनी आईवडिलांसोबत बसून बघावी म्हणून. पहिल्या सहा वर्षांत तिचे २५३ भाग झाले. त्यांतले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात हाती उरले नाहीत. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे तोच कार्यक्रम कितीदा दाखवायचा यावर बंधनं होती. कृष्णधवल भागांना रंगीत टीव्हीच्या जमान्यात कोण विचारणार, असाही हिशेब होता. घरी कॅसेट नव्हती, डिस्क नव्हती. दाखवून झालेला भाग म्हणजे कालचं वर्तमानपत्र. त्यामुळे १९६७ पासून टेपा पुसल्या गेल्या आणि पुढे परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्म प्रतीही टाकून दिल्या गेल्या.

गंमत अशी, की हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या हौशी प्रेक्षकांनी तो जपला, आणि बीबीसीला पुढे त्याच आवाजावर चित्र चढवावं लागलं. २००६ मध्ये ‘द इन्व्हेजन’चे हरवलेले दोन भाग ॲनिमेशन करून डीव्हीडीवर आले. २०१६ मध्ये ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’चे सहाच्या सहा भाग असेच नव्याने चितारले गेले. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून दोन कथांचे नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याची बातमी आली, तेव्हा टेपा आणि फिल्म शोधणाऱ्यांच्या आशा पुन्हा पालवल्या.

सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांची कहाणी त्याहून चमत्कारिक. मूळ रंगीत टेप पुसली गेली आणि उरली ती परदेशांसाठी काढलेली कृष्णधवल फिल्म. ही फिल्म काढण्याची रीत अशी, की रंगीत सिग्नल टीव्हीच्या एका पडद्यावर दाखवायचा आणि समोर कॅमेरा लावून तो टिपायचा. सिग्नलमधला रंगाचा अंश आधी गाळून टाकायचा असे, म्हणजे चित्र स्वच्छ येई. अनेकदा तो गाळायचा राहिला आणि फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली. कित्येक वर्षं हे ठिपके खराबी म्हणूनच बघितले गेले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की रंगाची माहिती त्या ठिपक्यांतच दडलेली आहे. फिल्म अतिशय सूक्ष्मपणे स्कॅन करून, ठिपक्यांची रचना संगणकाने वाचून मूळ रंग परत मिळवले गेले. १९७३ च्या ‘प्लॅनेट ऑफ द डालेक्स’चा तिसरा भाग डीव्हीडीवर रंगीत आला, त्यात या तंत्राचा वाटा होता. एका वेळच्या हयगयीनेच दुसऱ्या वेळचं नुकसान भरून निघालं.

सगळेच मात्र बेफिकीर नव्हते. बीबीसीचाच ‘ब्लू पीटर’ हा मुलांचा कार्यक्रम १९५८ पासून चालू आहे. त्याच्या संपादक बिडी बॅक्स्टर यांनी आपले भाग पुसू नयेत यासाठी आग्रह धरला, म्हणून साठच्या दशकाच्या मध्यापासूनचे त्याचे भाग त्या काळच्या मानाने फार मोठ्या प्रमाणात वाचले. काळालाही थोडीफार वेसण घालता येते. त्यासाठी योग्य खुर्चीत हट्टी माणूस बसलेला लागतो.

नाकापेक्षा मोती जड

दुसरं खातं कायद्याचं, आणि त्यातली सर्वांत जुनी नोंद गाण्यांची. ‘द मपेट शो’ हा बाहुल्यांचा कार्यक्रम १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमध्ये एल्सट्रीच्या स्टुडिओत तयार झाला. पाच सीझन, प्रत्येकी २४, एकूण १२० भाग. दर भागात पाहुणा कलाकार आणि दर भागात गाणी. कधी जुनी नाटकातली, कधी त्या वेळी रेडिओवर गाजणारी. गाणं चित्रासोबत वापरायचं तर त्याचे हक्क घ्यावे लागतात, आणि त्या वेळी ते घेतले गेले ते टीव्हीपुरते. लोक हा कार्यक्रम विकत घेऊन घरी ठेवतील, अशी शक्यता करार लिहिताना कुणाच्या डोक्यात नव्हती. डिस्क काढायची वेळ आली तेव्हा एकेका गाण्याच्या मालकाकडे पुन्हा जाणं भाग पडलं. एखादा मालक मागेल ती रक्कम त्या दोन मिनिटांच्या मानाने परवडेना, आणि गाणं गेलं कात्रीखाली. २००५ मध्ये आलेल्या पहिल्या सीझनच्या संचात अशी काही गाणी गायब होती. गाण्यांवरच उभ्या असलेल्या कार्यक्रमातून गाणी वजा झाली. दुसरा सीझन २००७ ला, तिसरा २००८ ला आला आणि तिथेच दुकान बंद झालं. १२० पैकी ७२ भाग डिस्कवर, ४८ बाहेर.

२०२१ च्या फेब्रुवारीत डिस्ने प्लसवर पाचही सीझन आले तेव्हा हे दुखणं संपलं असं वाटलं. तिथेही काही गाणी कापलेली निघाली आणि दोन भाग मुळातच गाळलेले होते.

‘मपेट बेबीज’ची अडचण याच्याही पुढची. १९८४ ला सुरू झालेल्या या कार्टूनमध्ये मपेट बाळांच्या कल्पनेच्या भराऱ्या दाखवताना मधेच खऱ्या सिनेमांचे तुकडे येत. ‘स्टार वॉर्स’, ‘इंडियाना जोन्स’ आणि असे कितीतरी. टीव्हीवर ती मजा होती. आज ती मालिका डिस्कवर आणायची तर इतक्या स्टुडिओंची संमती लागेल, की संचाच्या किमतीपेक्षा परवानग्यांचाच खर्च जड होईल. लाखो मुलांनी बघितलेल्या या मालिकेचा पुरा संच त्यामुळे बाजारात आलेला नाही.

कधीकधी एकच माणूस वाट अडवतो. २०२३ मध्ये ‘डॉक्टर हू’ला ६० वर्षं झाली म्हणून बीबीसीने जुने शेकडो भाग आपल्या ऑनलाइन सेवेवर ठेवले, पण सगळ्यांत पहिल्या कथेचे चार भाग वगळावे लागले. त्या कथेचे लेखक अँथनी कोबर्न यांचे हक्क त्यांच्या मुलाकडे आहेत आणि सौदा जमला नाही. ज्याच्याकडे २००६ ची डीव्हीडी होती, त्याला यातलं काहीच जाणवलं नाही. संग्राहक प्लास्टिकच्या चकत्या का जपतात, याचं उत्तर या एका प्रसंगात आहे.

या खात्यात दोष कुणाचा? गीतकाराने आपल्या गाण्याचे पैसे मागणं रास्त आहे. प्रकाशकाने तोट्यात जायचं नाकारणंही समजू शकतं. आक्षेप आहे तो लपवण्याला. कापलेलं गाणं वेष्टनावर सांगितलं गेलं असतं, तर घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतलं असतं. बहुतेकांना ते कळतं घरी डिस्क लावल्यावर, ओळखीचा प्रसंग मधेच टुणकन उडी मारून पुढे गेला की.

मूळ प्रत कुठली?

चित्र आणि आवाज यांच्या तक्रारींत काळ आणि कंजुषी एकमेकांत मिसळलेले असतात. ‘ही-मॅन’ आपल्याकडे दूरदर्शनवरही लागत असे. ते बनवणाऱ्या अमेरिकेतल्या फिल्मेशन स्टुडिओचा साठा नव्वदच्या दशकात हॉलमार्क कंपनीकडे गेला. नव्या मालकांनी मालिका युरोपी पद्धतीच्या म्हणजे पॅल व्हिडिओवर उतरवल्या आणि मूळ फिल्म टाकून दिली. आता हिशेब बघा. फिल्म सेकंदाला २४ चौकटी धावते आणि पॅल व्हिडिओ २५. फिल्म जशीच्या तशी पॅलवर चढवली, की ती साधारण चार टक्के वेगाने पळते. २२ मिनिटांचा भाग जवळजवळ मिनिटभर आधी संपतो आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने चढतो. लहानपणी ऐकलेला भारदस्त आवाज किंचित पातळ लागतो. सामान्य प्रेक्षकाला फरक कळणारही नाही. ज्याने ती कॅसेट शंभरदा लावली आहे, त्याला पहिल्या वाक्यातच खटकतो.

पण ‘ही-मॅन’च्या डीव्हीडी संचांची कथा शिकण्यासारखी आहे. २००५ पासून बीसीआय नावाच्या छोट्या कंपनीने हे संच काढले. मूळ फिल्म नाही म्हटल्यावर त्यांनी हाती असलेली प्रत वापरली, सोबत फिल्मेशनचे संस्थापक लू शाइमर आणि इतर कलावंतांच्या मुलाखती, माहितीपट असा भरगच्च ऐवज दिला. संग्राहकांनी चढलेला आवाज पदरी पडला आणि पवित्र झाला म्हणून स्वीकारला, कारण काम मनापासून केलेलं दिसत होतं.

‘ट्रान्सफॉर्मर्स’चं नेमकं उलट झालं. ऱ्हायनो कंपनीने शतकाच्या सुरुवातीला डीव्हीडी काढताना चित्र अधिक सुबक यावं म्हणून ३५ मिलिमीटरच्या फिल्म वापरल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या फिल्म अंतिम दुरुस्त्या होण्याआधीच्या होत्या. प्रक्षेपणापूर्वी सुधारलेल्या चुका, म्हणजे चुकीचे रंग, राहून गेलेले इफेक्ट, त्यांत तशाच होत्या. त्यात भर म्हणून नव्या सराउंड ध्वनीसाठी मुळात नसलेले आवाज घुसडले गेले. २००९ मध्ये शाउट फॅक्टरीने नवा संच काढला तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारल्या गेल्या. म्हणजे तोच माल, त्याच माणसाने, दुसऱ्यांदा पैसे देऊन घेतला.

निखळ कंजुषीचं, किंवा खरं तर हयगयीचं, उदाहरण हवं असेल तर ‘ड्रॅगन बॉल झी’ घ्या. आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर मुलांनी ती डोक्यावर घेतली होती. मालिका चितारली गेली ती जुन्या चौकोनी टीव्हीच्या मापात, रुंदी चार तर उंची तीन. २००७ मध्ये अमेरिकेतल्या फनिमेशन कंपनीने ती नव्याने रिमास्टर म्हणून बाजारात आणली, तेव्हा नवे टीव्ही रुंद झाले होते. त्या रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळी पट्टी दिसू नये म्हणून चित्राचा वरचा-खालचा भाग कापून टाकला. गणित साधं आहे: या छाटणीत चित्राचा एक चतुर्थांश जातो. उंच उभे केस हीच ज्या पात्राची ओळख, त्याचे केस पडद्याबाहेर. चित्रकाराने पात्राच्या डोक्यावर मुद्दाम सोडलेली मोकळी जागा, पायाखालची जमीन, सगळं गेलं. शिवाय फिल्मचा नैसर्गिक दाणा घालवण्यासाठी इतकी सफाई केली, की बारीक रेषाही पुसट झाल्या. २०११ मध्ये त्याच कंपनीने मूळ मापात, काळजीपूर्वक स्वच्छ केलेला ब्लू-रे संच सुरू केला. तो खर्चात बसेना म्हणून दोन खंडांनंतर गुंडाळला. पुढच्या ब्लू-रे संचांत पुन्हा छाटलेलंच चित्र आलं.

एक माल, दोन गिऱ्हाइकं

या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी धंद्याची एक जुनी अडचण आहे. बालमालिकेच्या डिस्कला दोन गिऱ्हाइकं असतात आणि दोघांना हव्या असलेल्या गोष्टी परस्परविरोधी असतात. चार वर्षांच्या मुलासाठी घेणाऱ्या आईला स्वस्त, चकचकीत, चार-पाच भागांची डिस्क पुरते; क्रम काय आणि गाणं कापलंय का, याच्याशी तिला कर्तव्य नाही. चाळिशीतल्या संग्राहकाला सगळे भाग, मूळ क्रमाने, सुरुवातीच्या आणि शेवटच्या नामावलीसकट हवे असतात. दुकानात दोघांचं फडताळ एकच. पहिलं गिऱ्हाईक संख्येने मोठं असल्याने माल त्याच्या मापाने शिवला जातो.

‘सेसमी स्ट्रीट’ने हा पेच उघडपणे सोडवायचा प्रयत्न केला. १९६९ ला सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे भाग हजारोंच्या घरात, त्यामुळे पुरा संच ही कल्पनाच व्यर्थ. २००६ मध्ये त्यांनी १९६९ ते १९७४ या काळातले निवडक भाग ‘ओल्ड स्कूल’ नावाने काढले. हे भाग मोठ्यांसाठी आहेत, आजच्या शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या गरजांना ते जुळतीलच असं नाही, अशी सूचनाही दिली. मुलांसाठीच बनवलेला कार्यक्रम मुलांसाठी नाही, म्हणून तेव्हा बरीच टिंगल झाली. मला ती पाटी प्रामाणिक वाटते. काही न कापता, काळ बदललाय हे सांगून, निर्णय घेणाऱ्यावर सोडणं हा सरळ व्यवहार आहे.

‘टॉम अँड जेरी’च्या बाबतीत तो झाला नाही. ही कार्टूनं मुळात सिनेमागृहांसाठी बनली, पण जगभरच्या मुलांनी बघितली ती टीव्हीवर. २०११ मध्ये वॉर्नरने त्यांचा मूळ क्रमाने संच सुरू केला. दुसरा खंड २०१३ मध्ये येणार होता. ‘माउस क्लीनिंग’ आणि ‘कॅसानोव्हा कॅट’ ही दोन कार्टूनं त्यातल्या काळ्या वर्णाच्या थट्टेमुळे गाळणार असल्याचं कळलं, संग्राहकांनी गिल्ला केला आणि कंपनीने तो खंडच मागे घेतला. ती थट्टा आज बोचते, हे खरंच आहे. पण त्याच वॉर्नरने आधी ‘लूनी ट्यून्स’च्या एका संचात अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्गकडून प्रास्ताविक करवून घेऊन असेच प्रसंग संदर्भासह दाखवले होते. मोठ्यांसाठी काढलेल्या संचात तोच मार्ग पुन्हा धरता आला असता.

डाव अर्ध्यात टाकणाऱ्या कंपन्या

पहिला सीझन जोरात खपतो, दुसरा कमी, तिसरा त्याहून कमी. प्रकाशक हात आखडता घेतो आणि चौथा निघत नाही. कधी प्रकाशकच राहत नाही. बीसीआय २००८ च्या अखेरीस बंद पडली. ब्रिटनमध्ये जुन्या टीव्ही मालिका, त्यांत मुलांच्याही अनेक, चिकाटीने डिस्कवर आणणारी नेटवर्क ही कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. असे संच मग जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले जातात.

आणि विकत घेतलेली डिस्क तरी टिकावी? २०२५ मध्ये वॉर्नरने मान्य केलं, की २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या आपल्या काही डीव्हीडी आतून खराब होत आहेत. थरांमधला चिकट पदार्थ आणि धातूचा पापुद्रा यांत बिघाड होतो, चित्र अडखळतं आणि एक दिवस डिस्क चालतच नाही. जपून ठेवणाऱ्याचंही नुकसान, कारण दोष कारखान्यातला.

इथून बघताना

भारतीय संग्राहकाच्या वाट्याला आणखी दोन कटकटी येतात. एक रिजन कोडची. अमेरिकेची डीव्हीडी रिजन एक, ब्रिटन-जपानची दोन, आपला देश पाचमध्ये. न्यू जर्सीहून येणाऱ्या मामाने आठवणीने आणलेला संच घरचा प्लेअर सरळ नाकारतो. यावर उपाय निघाले, पण पैसे देऊन घेतलेली वस्तू चालवायला पळवाटा शोधाव्या लागणं हाच मुळात आगाऊपणा होता.

दुसरी कटकट डबिंगची, आणि ती जास्त खोल आहे. आपण ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ हिंदीत बघितलं. अमेरिकी संचात हिंदी आवाज नाही. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेला ‘मोगली’ दूरदर्शनवर आला तो गुलजारांचं गीत, विशाल भारद्वाजांचं संगीत आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज घेऊन. जपानी संच कितीही देखणा असला, तरी आपल्या शेरखानला त्यात वाचा नाही. मूळ मालकाच्या लेखी डबिंग म्हणजे एका देशापुरती केलेली सोय. इथल्या प्रेक्षकासाठी तीच मूळ कलाकृती. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘मोगली’ पुन्हा दाखवला, म्हणजे तो ठेवा शिल्लक आहे. चित्राचे हक्क एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे. दोघांनी मिळून एक चांगला संच काढावा एवढंच बाकी आहे. तोवर आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

मग मागायचं काय?

डिस्कचा जमाना संपला, आता सगळं ऑनलाइन आहे, असं सांगणारे भेटतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये एचबीओ मॅक्सने ‘सेसमी स्ट्रीट’चे सुमारे २०० भाग एका फटक्यात काढून टाकले. ऑनलाइन सेवेवर बघणारा भाडेकरू असतो आणि मालक केव्हाही खोली रिकामी करून घेऊ शकतो. डिस्कच्या सगळ्या खोडी मान्य करूनही तिची गरज उरते ती यामुळे.

संग्राहकांनी मात्र आपला राग नीट वाटून घ्यायला हवा. पुसलेली टेप परत मागून मिळणार नाही. तिथे ‘डॉक्टर हू’च्या तंत्रज्ञांसारखी मेहनत दिसली की कौतुक करावं. हक्कांच्या गुंत्यात कापलेल्या गाण्यासाठी प्रकाशकाला झोडपून उपयोग नाही. ते कापलंय हे लपवल्याबद्दल जरूर झोडपावं. आणि चित्र छाटणं, चुकीची प्रत उचलणं, तोच माल तिसऱ्यांदा विकणं यांना कुठलीच सबब नाही. तिथे पैसे न देणं हाच निषेध.

मागणीही मोजकीच असावी. संचाच्या पाठीवर चार ओळी छापाव्यात: मालिकेच्या एकूण किती भागांपैकी किती यात आहेत, कुठल्या प्रतीवरून हे उतरवलंय, काय कापलंय आणि का, आणि पुढचे खंड काढायचा विचार आहे की नाही. औषधाच्या पाकिटावर घटक छापणं सक्तीचं झालं तेव्हाही कारखानदारांनी कुरकुर केली नसेल असं नाही. या चार ओळींनी एकही हरवलेला भाग परत येणार नाही. पण काळाने नेलेलं, कायद्याने अडवलेलं आणि कंजुषीने बुडवलेलं यांतला फरक घेणाऱ्याला दुकानातच कळेल, आणि अपुरा संचही तो आनंदाने घरी नेईल.